‘पोलिन’ : वॉर्सातले पाच दिवस

१७ एप्रिल

माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवताना एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात ज्यू लोक एका परिच्छेदात येत आणि त्याच परिच्छेदात मरून जात. ते कोण होते, कोणती भाषा बोलत, कोणते उद्योग करत, सणाला काय रांधत, याविषयी एकही वाक्य नसे. माझे आजोळ अलिबागचे. तिथल्या इस्राएल आळीत मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्या काढल्या आहेत. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या नळीला, हात लावून मग ती बोटे ओठांना टेकवणारी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’ची नातवंडे माझ्याबरोबर समुद्रावर शिंपले वेचत. त्यामुळे माझ्यापुरता ‘ज्यू’ हा शब्द जिवंत माणसांचा होता, आणि वर्गात मात्र मी तो केवळ मेलेल्यांचा म्हणून शिकवत होते. भाची तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त वॉर्साला गेली आणि तिथे पोलिश ज्यूंच्या एक हजार वर्षांच्या इतिहासाचे संग्रहालय असल्याचे तिने कळवले, तेव्हाच निवृत्तीनंतरचा हा प्रवास मी मनाशी ठरवून टाकला होता.

विमान दुपारी उतरले. संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, म्हणून भाचीने मला लगेच बाहेर काढले आणि आम्ही मुरानूफ या भागात पायी फिरलो. युद्धापूर्वी वॉर्सात दर तीन माणसांमागे साधारण एक ज्यू होता, आणि मुरानूफ ही त्यांची मुख्य वस्ती होती. आज तिथे पन्नाशीच्या दशकातल्या साध्या, नीटस इमारती आहेत, मध्ये झाडे आहेत, मुलांचे झोपाळे आहेत. मात्र काही इमारतींकडे जायला पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात आणि अंगणे रस्त्याच्या पातळीच्या बरीच वर आहेत. कारण विचारले तेव्हा भाची म्हणाली, “मावशी, हे उंचवटे म्हणजे जुनी घरे आहेत.” १९४३ साली नाझींनी हा सगळा भाग जाळून आणि सुरुंग लावून सपाट केला. युद्धानंतर इतका ढिगारा उपसून नेणे अशक्य होते, म्हणून वास्तुरचनाकार बोहदान लाखेर्त यांनी त्याचेच चौथरे केले आणि त्याच विटांचा चुरा सिमेंटमध्ये कालवून नव्या भिंतींचे ठोकळे पाडले. हे कळल्यावर त्या पायऱ्यांवर पाय ठेवताना मला काही क्षण थांबावे लागले.

तिथून जवळच क्रासिन्स्की बागेच्या कडेला मोंते कासिनोच्या लढाईचे स्मारक आहे आणि त्याच्यापाशी कोल्हापूरचे नाव कोरलेली एक स्मरणशिला २०१७ साली बसवण्यात आली आहे. माझे सासर कोल्हापूरचे, तेव्हा तिथे जाणे मला चुकवता येणारच नव्हते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सासूबाई तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या, आणि घरोघरी परसात फुले लावणाऱ्या त्या गोऱ्या बायकांविषयी त्या अखेरपर्यंत बोलत. मात्र दोन इतिहासांची इथे गल्लत होऊ नये. वळिवड्याला आलेले बहुसंख्य लोक कॅथलिक पोलिश होते, आणि त्यांना १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकलले होते. त्यांची वाट इराणवरून हिंदुस्थानात आली. मुरानूफच्या माणसांना अशी वाट मिळाली नाही. तरीही एकाच देशाच्या, एकाच वर्षातल्या या दोन कहाण्या चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर दगडात कोरलेल्या पाहिल्या, आणि सासूबाईंची आठवण मनात घेऊनच मी परतले.

१८ एप्रिल

संग्रहालयाची इमारत बाहेरून फार बोलत नाही. काचेचा एक मोठा, शांत चौकोन आहे आणि त्या काचांवर हिब्रू व रोमन लिपीत ‘पोलिन’ हा शब्द पुन्हा पुन्हा उमटवला आहे. फिनलंडचे वास्तुरचनाकार राइनर माह्लामेकी यांनी ती बांधली. इमारत २०१३ च्या एप्रिलमध्ये खुली झाली आणि कायमचे प्रदर्शन २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. आत पाऊल टाकले की मात्र माणूस मान वर करून उभाच राहतो. वाळूच्या रंगाच्या दोन प्रचंड भिंती नागमोडी वळत वरपर्यंत गेल्या आहेत, जणू वाहत्या पाण्याने डोंगर कापून केलेली खिंड, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला उंच काचेतून बागेतला हिरवा उजेड येतो. समुद्र दुभंगून वाट करून देतो ती मोझेसची कथा इथे अनेकांना आठवते. मला आठवली ती आमच्या घाटातली, पावसाळ्यानंतर उन्हात उजळणारी दरड.

प्रदर्शन जमिनीखाली आहे. आठ दालने, सुमारे चार हजार चौरस मीटरचा विस्तार आणि एक हजार वर्षे. सुरुवात एका जंगलापासून होते. उंच काचांवर झाडे हलत असतात आणि एक दंतकथा कानावर येते. पश्चिमेकडच्या छळातून पळालेले ज्यू या रानात पोहोचले तेव्हा त्यांना ‘पो लिन’ असा आवाज ऐकू आला. हिब्रूत त्याचा अर्थ ‘इथे मुक्काम कर’. पोलंडचे हिब्रू नाव पोलिन, आणि त्या नावाची ही गोष्ट. अलिबागकडच्या ज्यूंचा बेने इस्राएल समाजही आपली सुरुवात अशाच एका कथेपासून सांगतो. नौगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि तिथेच राहिल्या. इतिहासकार अशा कथांचे पुरावे मागतात, आणि ते योग्यच आहे. तरीही परक्या भूमीवर पहिली रात्र काढलेल्या माणसांनी ती रात्र कशी लक्षात ठेवली, हे जाणून घ्यायला या कथांवाचून दुसरे साधन आपल्याजवळ नसते.

पुढच्या दालनात दहाव्या शतकातला प्रवासी इब्राहिम इब्न याकूब भेटतो. मिएश्को राजाच्या राज्याविषयी त्याने लिहून ठेवले. मग एका पेटीत बाराव्या शतकातली कागदाइतकी पातळ नाणी दिसतात. ती ज्यू टांकसाळवाल्यांनी पाडली आणि त्यांच्यावर पोलिश राजाचे नाव हिब्रू अक्षरांत आहे. मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभी होते. एखाद्या समाजाला राजाने नाणी पाडायला सांगावीत आणि त्याने आपल्या लिपीत राजाचे नाव लिहावे, यात त्या काळच्या परस्परसंबंधांविषयी जितके कळते तितके दहा पाने वाचूनही कळले नसते. १२६४ साली कालिशला बोलेस्लाव या राजपुत्राने ज्यूंना सनद दिली. जीविताचे आणि मालमत्तेचे संरक्षण, धर्माचे स्वातंत्र्य, व्यापाराची मुभा असे तिचे स्वरूप होते, आणि पुढच्या राजांनी ती वेळोवेळी कायम केली.

इथे संग्रहालयाच्या पद्धतीविषयी लिहिले पाहिजे, कारण मला तीच सर्वांत मोलाची वाटली. हजार वर्षांच्या मानाने मूळ वस्तू इथे फार थोड्या आहेत. बहुतेक जळल्या, लुटल्या गेल्या किंवा हरवल्या. म्हणून प्रदर्शनाची आखणी करणाऱ्या अभ्यासकांनी, ज्यांचे नेतृत्व बार्बरा किर्शेनब्लाट-गिम्ब्लेट यांनी केले, दालनांच्या भिंती त्या त्या काळच्या माणसांच्या शब्दांनी भरल्या. पत्रे, फर्माने, रोजनिशा, धर्मगुरूंचे निवाडे, निंदापत्रे, प्रवाशांच्या नोंदी यांतली वाक्ये जशीच्या तशी येतात, आणि पुढे काय होणार हे त्या वाक्यांना ठाऊक नसते. १६४० सालचा माणूस १६४८ चे कोसॅकांचे बंड जाणत नाही आणि १९३८ सालची मुलगी १९४२ जाणत नाही. इतिहास शिकवताना आम्ही नेमके उलट करतो. शेवट आधी सांगतो आणि मग प्रत्येक माणसाला त्या शेवटाच्या दिशेने चालवत नेतो. आपण तीस वर्षे वर्गात जे केले ते चुकीचे होते, असे मला त्या दालनात स्वच्छ कळले.

सोळाव्या-सतराव्या शतकांच्या दालनाला ‘पारादिसुस युदेओरुम’, म्हणजे ‘ज्यूंचा स्वर्ग’, असे नाव आहे. ते एका जुन्या निनावी लॅटिन कवनातून घेतले आहे. पोलंड म्हणजे सरदारांचे आकाश, ज्यूंचे नंदनवन, नगरवासीयांचे शुद्धिस्थान आणि शेतकऱ्यांचा नरक, असे त्या कवनात म्हटले आहे. नंदनवन हा शब्द तिथे स्तुतीसाठी आलेला नाही, तर तक्रार म्हणून आला आहे, आणि दालनातले इतर शब्द त्या तक्रारीची दोन्ही अंगे दाखवतात. ‘चार प्रांतांची परिषद’ ही ज्यूंची स्वतःची मध्यवर्ती संस्था कर गोळा करत होती, तंटे सोडवत होती. क्राकूफमध्ये हिब्रू आणि यिद्दिश पुस्तके छापली जात होती. दालनात जुन्या पद्धतीचा हातछापखाना आहे. मी स्वतः एक पान छापून घेतले आणि ते जपून परत आणले आहे.

त्यानंतरच्या गावाच्या दालनात बाजार आहे, खानावळ आहे, घर आहे, आणि मग अचानक ते छप्पर येते. ग्वोझ्जेत्स या गावात, जे आज युक्रेनमध्ये आहे, सतराव्या शतकात लाकडी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, बांधले गेले होते. पोलंड-लिथुएनियाच्या भूमीवर अशी लाकडी सिनेगॉग मोठ्या संख्येने होती आणि त्यांतली बहुतेक विसाव्या शतकातल्या युद्धांत नष्ट झाली. ग्वोझ्जेत्सच्या सिनेगॉगची जुनी छायाचित्रे आणि अभ्यासकांनी काढलेली चित्रे उरली होती. त्यांच्या आधाराने २०११ पासून सुमारे तीनशे स्वयंसेवकांनी आणि सुतारांनी पोलंडमधल्या सानोकला, जुन्या काळच्या हत्यारांनी लाकूड तासून, मूळ आकाराच्या ८५ टक्के मापात हे छप्पर पुन्हा उभे केले. आतली चित्रे वेगवेगळ्या शहरांत, जुन्या पद्धतीने रंग घोटून रंगवली गेली. लाल, निळा, पिवळा, सगळीकडे वेली, पशुपक्षी, हिब्रू प्रार्थनांच्या चौकटी आणि राशिचक्राच्या बारा राशी. एकही तसूभर जागा रिकामी नाही. आपल्याकडच्या पेशवेकालीन देवळांच्या लाकडी सभामंडपांत मी अनेकदा वर पाहिले आहे, पण त्या छतांचा धीरगंभीर तपकिरी रंग मनात धरून गेलेल्या मला हे फुललेले आभाळ अगदी अनपेक्षित होते. ज्यांनी हे रंगवले त्यांना चिखलाच्या रस्त्यांच्या लहान गावात राहायचे होते, आणि प्रार्थनेच्या वेळी ते या रंगांखाली उभे राहत होते.

आधुनिक काळाच्या दालनातून मी थोडी भरभर गेले. १७७२, १७९३ आणि १७९५ या तीन फाळण्यांत पोलंड नकाशावरून नाहीसा होतो, आगगाडी येते, वुत्झ शहरात कापडगिरण्या उभ्या राहतात, बियाविस्तोकला जन्मलेले डॉक्टर झामेनहोफ १८८७ साली एस्पेरांतो भाषा जगापुढे ठेवतात. गिरणगावाचा इतिहास शिकवणाऱ्या व्यक्तीने वुत्झसाठी एक वेगळा दिवस काढायला हवा होता, तो माझ्याजवळ नव्हता.

मग दोन महायुद्धांमधली ‘ज्यू गल्ली’ आली. दोन्ही बाजूंना घरांचे दर्शनी भाग आहेत आणि एकेका दारातून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, चित्रपटगृह, उपाहारगृह, शाळा दिसतात. हीच जागा, म्हणजे संग्रहालयाखालची जमीन, युद्धापूर्वी खरोखर या वस्तीच्या रस्त्यांची होती. यिद्दिश, पोलिश आणि हिब्रू अशा तीन भाषांत भांडणारे पक्ष होते. कामगारांचा बुंद होता, पॅलेस्टाइनला जाऊ पाहणारे झिओनवादी होते, सनातनी अगुदा होते. क्राकूफमधली सारा शेनिरेर ही शिवणकाम करणारी स्त्री १९१७ साली मुलींसाठी धार्मिक शाळा सुरू करते आणि तिच्या शाळांचे जाळे पसरते. दुसऱ्या बाजूला विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवण्याची सक्ती १९३७ मध्ये येते. युद्धाच्या उंबरठ्यावर या देशात सुमारे तेहतीस लाख ज्यू होते. मी गल्लीच्या शेवटापर्यंत गेले आणि पुढच्या दालनाच्या काळोख्या तोंडाशी थबकले. सहा तास झाले होते. भाचीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मावशी, ते उद्या.” मी तिचे ऐकले.

१९ एप्रिल

१९४३ साली याच तारखेला वॉर्साच्या घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, उठाव सुरू झाला. सकाळपासून रस्त्यांवर तरुण मुले-मुली टोपल्या घेऊन उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छातीवर पिवळ्या कागदाचे नरगिसाचे फूल लावत होती. उठावाच्या नेत्यांपैकी जिवंत राहिलेले मारेक एडेलमान दर वर्षी या दिवशी स्मारकापाशी पिवळी फुले वाहत असत. त्यांची आठवण म्हणून संग्रहालयाने २०१३ पासून ही कागदी फुले वाटायला सुरुवात केली. भाचीने आम्हा दोघींसाठी फुले घेतली. दुपारी बारा वाजता भोंगे वाजले. रस्त्यावरची ट्राम थांबली, दुकानातून एक बाई हातात पावाची पिशवी घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मी आजवर भोंगा ऐकला होता तो गिरणीचा आणि सरावाचा. हा आवाज संपेपर्यंत मला वर बघता आले नाही.

संग्रहालयासमोर नाथान रापोपोर्ट यांनी घडवलेले घेटोवीरांचे स्मारक आहे. १९४८ साली, भोवती नुसता ढिगारा असताना, ते उभे राहिले. समोर उभे आहेत ते लढणारे, आणि मागच्या बाजूच्या शिल्पपटात मान खाली घालून चाललेली माणसे, म्हातारे, लेकुरवाळ्या. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट याच पायऱ्यांपुढे गुडघे टेकून बसले होते. आज तिथे फुलांचा ढीग होता आणि गर्दीमुळे आम्ही मागच्या बाजूलाच बराच वेळ उभ्या राहिलो. ते मला बरे वाटले, कारण लढणाऱ्यांना पुढे सगळेच पाहतात.

दुपारी मी उरलेल्या दालनांत एकटी गेले. इथे भिंती गंजलेल्या लोखंडाच्या, तिरक्या आणि जवळ सरकत आलेल्या आहेत. वॉर्साचा घेटो १६ नोव्हेंबर १९४० रोजी बंद झाला आणि १९४१ मध्ये तिथे साडेचार लाखांवर माणसे कोंडलेली होती. त्यांच्या दंडावर निळ्या ताऱ्याची पांढरी पट्टी असे. या दालनात मुख्यतः दोन माणसे बोलतात. एक, जर्मनांनी नेमलेल्या ज्यू परिषदेचे प्रमुख आदाम चेर्नियाकूफ. ते रोजनिशी लिहीत, आणि २२ जुलै १९४२ रोजी ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे माणसे रवाना करण्याचा हुकूम आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी विष घेतले. दुसरे, इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम, ज्यांच्याविषयी उद्या लिहीन. ह्वोद्ना रस्त्यावरून जाणाऱ्या लाकडी पुलाची आठवण म्हणून इथे चढून जायचा एक पूल आहे. घेटोचे दोन तुकडे जोडणारा तो पूल, आणि खालून ज्यूंना मनाई असलेला चालू रस्ता. वर उभे राहिले की खालची ट्राम, दुकाने, फिरायला निघालेली माणसे दिसतात. पुलावरची माणसे रोज हे पाहत होती. भूक, टायफस आणि थंडी यांच्याविषयी वाचून जे कळले नव्हते ते त्या दहा पावलांत कळले.

१९४२ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे या शहरातून ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आली. पुढचे, म्हणजे युद्धानंतरचे दालन लहान आहे आणि त्यात दिलासा थोडाच आहे. ४ जुलै १९४६ रोजी किएल्त्से गावात जमावाने परतलेल्या ज्यूंवर हल्ला केला आणि बेचाळीस जण मारले गेले. १९६८ च्या सरकारी मोहिमेनंतर हजारो ज्यूंनी देश सोडला. संग्रहालयाने या गोष्टी झाकलेल्या नाहीत, आणि शेजाऱ्यांनी केलेले गुन्हे त्याच शेजाऱ्यांच्या देशात, त्यांच्याच मुलांपुढे मांडणे किती अवघड असेल याची मला आपल्याकडच्या अनुभवावरून कल्पना आहे.

२० एप्रिल

सकाळभर पाऊस होता. त्लोमात्स्किए रस्त्यावरच्या ज्यू इतिहास संस्थेत आम्ही भिजतच पोहोचलो. शेजारी निळसर काचांची उंच इमारत आहे. तिच्या जागी १८७८ साली बांधलेले वॉर्साचे मोठे सिनेगॉग होते. १६ मे १९४३ रोजी उठाव मोडल्याची खूण म्हणून जर्मन जनरल श्ट्रोपने ते सुरुंगाने उडवले. संस्थेची इमारत तेव्हाचे ज्यू ग्रंथालय होते. ती जळली पण पडली नाही, आणि प्रवेशदालनाच्या फरशीवर त्या आगीचे काळे डाग अजून आहेत. ते घासून काढलेले नाहीत, काचेखालीही ठेवलेले नाहीत. लोक त्यांच्यावरून चालतच आत जातात.

रिंगेलब्लुम यांनी याच इमारतीत काही सहकाऱ्यांना जमवून घेटोचे गुप्त दफ्तर गोळा करायला सुरुवात केली. शनिवारी भेटत, म्हणून गटाचे नाव ‘ओनेग शब्बाथ’, शब्बाथचा आनंद. या लोकांनी मागाहून लिहिण्याची वाट पाहिली नाही. शाळकरी मुलांचे निबंध, खाणावळीची कुपने, ट्रामची तिकिटे, मिठाईचे कागद, भाकरीच्या किमती, विनोद, अफवा, लग्नाची आमंत्रणे, ट्रेब्लिंकाहून पळून आलेल्याची साक्ष, असे सगळे ते जमवत राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून नोवोलिप्की रस्त्यावरच्या शाळेच्या तळघरात पुरला गेला. पुरणाऱ्यांत शिक्षक इस्राएल लिख्टेन्श्टाइन आणि त्यांचे दोन तरुण मदतनीस होते. त्यांतल्या एकोणीस वर्षांच्या दाविद ग्राबेरने शेवटची चिठ्ठी लिहिली. जगाला ओरडून जे सांगता आले नाही ते आम्ही जमिनीत पुरले, अशा आशयाचे त्यातले वाक्य आज प्रदर्शनाचे नाव झाले आहे. लिख्टेन्श्टाइन यांनी मृत्युपत्रात स्वतःसाठी काही मागितले नाही. पत्नी गेला सेक्श्टाइन ही चित्रकार आहे, तिची आठवण राहावी, आणि मुलगी मार्गालित आज वीस महिन्यांची आहे, तिची आठवण राहावी, एवढेच लिहिले. गेलाची जलरंगातली चित्रे त्या पेट्यांतच होती. मुलांचे चेहरे तिने फार काढले आहेत.

गटातले तिघेच युद्धानंतर उरले. त्यांतल्या हेर्श वासेर यांना जागा ठाऊक होती आणि राखेल आउएर्बाख यांनी शोधाचा ध्यास सोडला नाही. सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या, तेव्हा त्यांत पाणी शिरलेले होते. डिसेंबर १९५० मध्ये दुसरा भाग भरलेल्या दुधाच्या दोन बरण्या सापडल्या. तिसरा भाग सापडलेला नाही. एकूण सुमारे पस्तीस हजार पाने आहेत, आणि १९९९ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. दुधाची ती बरणी प्रदर्शनात समोर उभी आहे. आमच्याकडे गवळी आणतो तशीच, गंजलेली. संग्रहालयात काल-परवा भिंतींवर जी वाक्ये वाचली त्यांतली कितीतरी या बरणीच्या पोटातून आलेली आहेत, हे इथे आल्यावर माझ्या ध्यानात आले. इतिहासाचे शिक्षक साधनांविषयी बोलतात. त्या साधनांसाठी कोणी काय दिले, हे विद्यार्थ्यांना सांगण्याइतके मला माहीत नव्हते.

दुपारी पाऊस थांबल्यावर आम्ही याक्तोरोव्स्का रस्त्यावरच्या अनाथाश्रमाची इमारत पाहायला गेलो. डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी १९१२ पासून इथे ज्यू मुले वाढवली. मुलांचे न्यायालय होते, संसद होती, वर्तमानपत्र होते, आणि न्यायालयापुढे स्वतः डॉक्टरांनाही उभे राहावे लागे. घेटो झाल्यावर ही मुले आत नेण्यात आली. १८ जुलै १९४२ रोजी त्यांनी तिथे नाटक केले ते रवींद्रनाथांचे ‘डाकघर’. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो. माझ्या शाळेतल्या मुलांनी हे नाटक स्नेहसंमेलनात केले होते आणि अमलच्या खिडकीसाठी आम्ही शिंप्याच्या दुकानातली जुनी चौकट आणली होती. त्या प्रयोगानंतर चार दिवसांनी ट्रेब्लिंकाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का आणि सुमारे दोनशे मुले त्यांतल्या एका गाडीत चढली. अंगणात कोर्चाक यांचा पुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा इमारतीत मुलांचा आवाज होता, आणि आत जायची परवानगी आम्ही मागितली नाही.

२१ एप्रिल

परतीचे विमान रात्रीचे. सकाळी उमश्लागप्लात्स, म्हणजे गाड्या सुटत त्या जागेचे स्मारक पाहिले. पांढऱ्या भिंतींवर आडनावे नाहीत, फक्त ४४८ पहिली नावे आहेत, अक्षरक्रमाने, एकेका नावात हजारभर माणसे धरून. अब्राहम, एस्तेर, रिबका ही अलिबागला हाक मारून बोलावलेली नावे मी तिथे बोटाने शोधली. भाची माझ्या मागे होती. आम्ही दोघी एक शब्दही न बोलता तिथून निघालो.

मग मी संग्रहालयाचे तिकीट पुन्हा काढले. शेवटचे पाहणे स्मारकाचे असू नये असे मला वाटत होते. जंगल, नाणी, छापखाना हे सगळे ओलांडून मी सरळ ग्वोझ्जेत्सच्या छपराखाली गेले. चौथी-पाचवीच्या वयाच्या मुलांचा एक वर्ग तिथे फरशीवर उताणा पडला होता आणि त्यांच्या बाईंनी प्रत्येकाला आपापली रास शोधायला सांगितले होते. पोलिश मला येत नाही, पण बोटे वर गेली की कळत होते. एका मुलाला विंचू सापडला, मग एका मुलीला दोन मासे. माझी तूळ. मान दुखेपर्यंत वर बघितले, मग बाईंची परवानगी घेऊन मीही त्या मुलांच्या रांगेच्या टोकाला फरशीवर बसले आणि पाठ टेकली. तराजू मला वेलींमध्ये, बऱ्याच वेळाने, दिसला.